धनजचं घरटं कोणी पाहिलं

आधी वहिनींचं सांगतो, मग झालं ते.

मंगरूळपीरच्या कडेला घरं संपतात आणि मेथी-वांग्याचे वाफे सुरू होतात, तिथं मी एक खोली भाड्यानं घेऊन राहतो. घरमालक भाजीपाला पिकवणारे. त्यांची बायको, म्हणजे माझ्या वहिनी, एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवतात. सकाळी तास, दुपारी मेथीच्या जुड्या. आठवी करून शाळा सोडलेल्या माझ्यासारख्या माणसाला इंग्रजीतल्या एका लेखातल्या प्रत्येक वाक्याचा जबाब देता आला, तो त्यांच्यामुळे. नावं मी इथं कुणाचीच लिहीत नाही. वहिनींनीच बजावलंय, "माह्यं नाव घालसान तं खोली खाली करा." म्हणाल्या हसत हसतच. पण मी आधीच घाबरट माणूस, त्यामुळे नाही घालत.

मी मूळचा कोकणातला, घाटाच्या पायथ्याचा. आठवीनंतरची शाळा नदीपलीकडे होती. त्याच वर्षी वडील आजारी पडले आणि गुरं माझ्याकडे आली. पुढं आमच्या रानात पक्ष्यांचा अभ्यास करणारी माणसं यायला लागली. त्यांना वाटाड्या हवा असायचा. घरटं शोधायला मला फारसं अवघड जात नाही. गुरं राखणाऱ्याला पानाआड काय हललं ते बघायची सवयच असते. त्यातल्या एका सरांनी मला विचारलं, "विदर्भात येतोस? शेतात, जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचं काम आहे." मी हो म्हणालो. तेव्हापासून आई फोनवर एवढंच विचारते, "जेवलंस काय? थंयच्या उन्हात फिरां नको." उन्हात फिरायचंच काम आहे हे तिला अजून सांगितलेलं नाही.

इथं आल्यावर मला टिटवी मिळाली. टिटवी घरटं म्हणून काही बांधत नाही. उघड्या वावरात चार खडे इकडंतिकडं करते आणि अंडी घालते. अंडी ढेकळाच्या रंगाची, पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. पेरणीआधी शेतात ट्रॅक्टर फिरतो, तेव्हा ती चिरडली जाणार असंच कुणालाही वाटेल. पण इथले कितीतरी शेतकरी अंडी दिसली की शेजारी एक वाळकी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची काडी, रोवतात आणि तिला चिंधी बांधतात. ट्रॅक्टरवाला चिंधी पाहून मागचं अवजार उचलतो, तेवढा तुकडा सोडतो आणि पुढं जातो. पेरलेल्या वावराच्या मधोमध घोंगडीएवढी मोकळी जागा राहते आणि तिच्यात टिटवी बसलेली असते. हे कुणी ठरवून केलेलं नाही. विचारलं तर म्हणतात, "तिचं लेकरू हाय, राहू द्या."

हे मी सरांना सांगितलं. सरांनी वही काढून ते लिहून घेतलं. मग म्हणाले, "यावर छोटा लेख होईल. आधी तू वाशीमच्या परिषदेत मांड, मग नियतकालिकाला पाठवू. निरीक्षण तुझं आहे, नाव तुझं पहिलं." आणि लगेच पुढं म्हणाले, "पण एक अट. परिषदेत प्रत्येक वाक्याचा जबाब तू द्यायचास. ज्याला आपल्या वाक्याचा जबाब देता येत नाही तो लेखक नव्हे. नाही जमलं तर तुझं नाव आभारात घेईन. वाईट वाटून घ्यायचं नाही."

आभारात माझं नाव याआधी येऊन गेलं होतं. कोकणात मी ज्यांना वाटा दाखवल्या त्यांच्या लेखांच्या अगदी शेवटी, बारीक अक्षरात. एकदा तर नावही नव्हतं. 'गावातल्या मदतनिसांचे' यात मीही होतो. तक्रार नाही, भात मिळाला, माणसं मिळाली. पण लेखाच्या डोक्यावर नाव म्हटल्यावर त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

सरांनी एका पेनड्राइव्हवर पुष्कळ इंग्रजी लेख दिले होते आणि सांगितलं होतं, "आधी तुझ्या इंग्रजीत लिही, मी नंतर बघतो." माझं इंग्रजी म्हणजे आठवीचं, पक्ष्यांच्या पुस्तकांतलं आणि मोबाइलच्या डिक्शनरीतलं. मग मी एक युक्ती केली. त्या लेखांत जे शब्दसमूह वारंवार दिसायचे ते वेचले आणि माझ्या लेखात जागोजागी बसवले. 'इट इज वेल नोन दॅट'. 'ऑन द अदर हँड'. 'टू द बेस्ट ऑफ अवर नॉलेज'. मला ते लग्नातल्या फेट्यांसारखे वाटायचे. डोक्यावर फेटा असला की माणूस वऱ्हाडातला वाटतो, मग तो कुणाचा का असेना.

दोन कागद छापून आणले आणि एका दुपारी वहिनींसमोर ठेवले. त्या ओसरीवर बसून मेथीच्या जुड्या बांधत होत्या. हात न थांबवता त्यांनी पहिला कागद मांडीवर घेतला.

"इट इज वेल नोन दॅट टिटवीनं उंचावर अंडे घातले का पाऊस जास्त येते," त्यांनी वाचलं. "कोनाले मालूम हाय हे?"

"सगळ्यांना माहीत आहे, वहिनी. तुमच्याकडं पण म्हणतात."

"म्हनते नं. पन मालूम हाय म्हंजे कोनं तरी पायलं, मोजलं, अन् बाकीच्यायनं मान्य केलं. सगळे बोलते म्हनून ते 'नोन' नाई होत. 'लोकायचा समज हाय' असं लिवा. नाई तं काढा."

मी काढलं.

"आता हे 'ऑन द अदर हँड'. पहिला हात कुठं हाय?"

मी शोधला. पहिला हात नव्हता.

तेवढ्यात भाऊ, म्हणजे वहिनींचे नवरे, मोटर बंद करून आले. आम्हाला तसं बसलेलं पाहून म्हणाले, "भाऊजीची शाळा भरली वाटते. फी काय घेतली वो?"

"चार जुड्या बांधून देते ते," वहिनी म्हणाल्या. मी लगेच मेथी ओढली.

त्यानंतर रोज दुपारी हेच. मी जुड्या बांधायचो आणि त्या एकेक वाक्य धरायच्या. सगळ्यात जास्त भांडण झालं ते 'सजेस्ट्स' आणि 'मे' यांवरून. मी लिहिलं होतं, शेतकऱ्यांनी जागा सोडल्यामुळे पिल्लं वाचतात. वहिनी म्हणाल्या, तुमच्या निरीक्षणातून तसं 'सुचतं', एवढंच म्हणा. मला ते पटेना. आमच्याकडं असं बोलणारा माणूस म्हणजे पळपुटा. "आहे तर आहे म्हणायचं, नाही तर नाही. 'असेल बहुतेक' म्हटलं की समोरचा म्हणतो, याला काही ठाऊक नाही."

"आमच्याकडं बी तसंच हाय," वहिनी म्हणाल्या. "आमाले गोल गोल बोलनं येत नाई. पन हे बोलनं नाई, भाऊजी. इथं जेवढं वजन तुमच्यापाशी हाय, तेवढंच तराजूत टाका लागते. जास्त टाकलं तं कोनी तरी येऊन मोजते, अन् मंग तुमची सारी पाटी परत येते."

त्या भाजी विकणाऱ्या घरातल्या. पाटी परत येणं काय असतं ते त्यांना सांगावं लागत नव्हतं, आणि मलाही कळलं.

परिषद आठवड्यावर आली. रात्री उगाच वाक्यं ओठांवर यायची. सरांनी मसुदा सुधारून पाठवला होता आणि त्यात एक वाक्य स्वतःचं घातलं होतं: आमच्या माहितीप्रमाणे ही अशा प्रकारची पहिलीच नोंद आहे. आयोजकांकडे सारांशही जाऊन पोचला होता. आता बदलायचं काही नाही, फक्त पाठ करायचं, असं मी समजून चाललो होतो.

त्या दुपारी वहिनींनी शेवटचा परिच्छेद धरला. लेखातला सगळ्यात मोलाचा परिच्छेद तो. बाकीच्या घरट्यांत अंडी फुटण्याआधी कुठं कुत्री आली होती, कुठं पुढं काय झालं ते कळलं नव्हतं. पण धनजजवळच्या एका वावरात ट्रॅक्टर घरट्याला वळसा घालून गेला आणि नंतर पिल्लं बाहेर पडली. आरंभापासून शेवटापर्यंत पुरी झालेली तेवढी एकच गोष्ट होती. मी लिहिलं होतं, 'वी ऑब्झर्व्ड'. आम्ही पाहिलं.

"धनज तं लय दूर हाय इथून," वहिनी म्हणाल्या. "तुमी रोज जात होते?"

"नाही. दोनदा गेलो. घरटं बघितलं, अंडी बघितली. मग इकडच्या शेतांत काम होतं, तेव्हा काकाजींना सांगून आलो. त्यांचंच वावर. ते रोज संध्याकाळी फोन करायचे."

"ट्रॅक्टर फिरला तवा तुमी होते?"

"काकाजी होते."

"पिल्लं डोयानं कोनं पायले?"

"काकाजींनी."

वहिनींचे हात थांबले. मेथी मांडीवर तशीच राहिली. "मंग हे 'वी' कोन हाय?"

मला प्रश्नच कळला नाही. खरंच कळला नाही. मी म्हणालो, "आम्हीच की. मी आणि काकाजी."

"लेखावर नाव कोनाचे हायत?"

"माझं आणि सरांचं."

त्यांनी कागद माझ्यापुढं सरकवला.  मी घाईघाईनं समजावायला लागलो. लहानपणी वडील रानातून यायचे आणि सांगायचे, खिंडीतून बिबट्या गेला. दुसऱ्या दिवशी शाळेत मी सांगायचो, आम्ही बिबट्या पाहिला. ते खोटं नव्हतं. घरच्या माणसानं पाहिलं म्हणजे घरानं पाहिलं. उलट 'बाबा म्हणतात बिबट्या गेला' असं सांगितलं असतं तर ते बाबांवर संशय घेतल्यासारखं झालं असतं. 'म्हणे' लावलं की बोलणारा स्वतः बाजूला होतो आणि ज्याचं बोलणं आहे तो उघडा पडतो. काकाजींना मी तसं करणार होतो का? भर उन्हात माझ्यासाठी रोज धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभं राहिलेल्या माणसाला?

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. "तुमचं चुकीचं नाई," त्या म्हणाल्या. "आमी बी असंच बोलतो. पन वाशीमच्या त्या हॉलमधे कोनी विचारलं, ट्रॅक्टर कोन्या बाजूनं वयला, तं तुमी काय सांगसान?"

ट्रॅक्टर वळताना मी पाहिलाच नव्हता.

"याच्यासाठी शब्द हाय. 'पर्सनल कम्युनिकेशन'. कंसात त्या मानसाचं नाव लिवाचं अन् हे लावाचं. म्हंजे हे यायनं पायलं, अन् आमाले सोता सांगतलं."

"म्हणजे 'म्हणे'च की."

"नाई," त्या म्हणाल्या. पण का नाही ते त्यांनाही लगेच सांगता आलं नाही.

रविवारी वहिनींना कारंज्याकडं माहेरी जायचं होतं; धनज त्याच बाजूला. "चाला," म्हणाल्या, "काकाजीले इचारल्याशिवाय नाव कसं लिवता?" एसटीत मी खिडकीशी बसलो होतो आणि धनज येऊच नये असं वाटत होतं. काकाजींनी नाही म्हटलं तर गोष्ट गेली. आणि गोष्ट गेली तर लेखात उरतं काय, चिंध्या बांधलेल्या पऱ्हाट्या.

काकाजी हरभऱ्याच्या ढिगाजवळ बसले होते. मला लांबूनच ओळखून ओरडले, "या, टिटवीवाले! औंदा तुमची बाई आली नाई अजून अंडे घालाले." काकींनी चहा मांडला. मी वहिनींची ओळख करून दिली आणि चहा संपेपर्यंत इकडचं तिकडचं बोलत राहिलो. शेवटी वहिनींनीच माझ्याकडं पाहिलं. मग मी सांगितलं. वाईट सांगितलं, मध्येच अडखळलो.

काकाजींचा चेहरा बदलला. "म्हंजे? म्या पायलं ते तुमी पायलं नाई?"

"तसं नाही काकाजी..."

"तसंच हाय. 'काकाजी म्हनते' असं लिवता नं? कचेरीत असंच लिवते. 'अर्जदार म्हनते का वावरात पानी घुसलं.' म्हंजे घुसलं का नाई घुसलं त्याचं तो जाने, साहेबाचं काई नाई. येवढ्या दिवसाची आपली ओयख, अन् आता मी अर्जदार झालो का रे?"

 त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळत होतं; माझे वडीलही हेच म्हणाले असते.

वहिनी बोलल्या तेव्हा आवाज वर्गातला नव्हता, घरातला होता. "काकाजी, गारपीट झाली तवा तलाठी पंचनाम्याले आले होते का नाई?"

"आले होते."

"पंच कोन होतं?"

"मी होतो. अन् पोलीस पाटील."

"कागदावर तुमचं नाव लिवलं?"

"लिवलं. सही घेतली माही."

"मंग समजा तलाठ्यानं तुमचं नाव काढून टाकलं. सोता वावरात गेलाच नाई, अन् लिवलं का म्याच पायलं. तं?"

"तं तो पंचनामा खोटा," काकाजी म्हणाले.

म्हणाले आणि थांबले. हरभऱ्याची एक काडी उचलून त्यांनी मोडली. काकी आतून बघत होत्या. 

"असं सांग नं मंग," काकाजी शेवटी माझ्याकडं वळून म्हणाले. "पंच म्हनून लिवता. मले वाटलं अर्जदार म्हनून." आणि मग मान ताठ करून, "पुरं नाव लिवा. बापाच्या नावासकट. अन् गाव धनज."

मला हसू आलं आणि डोळे पण भरले. पण काकाजी तिथं थांबले नाहीत. "आता पंच हाय तं इचार नं. पंचाले इचारते."

तोवर मी त्यांना कधी उलट प्रश्न विचारला नव्हता. फोनवर ते सांगायचे, मी हो हो म्हणायचो. मोठ्या माणसाला 'तुम्ही नक्की पाहिलं का' असं कुणी विचारतं का? आता विचारलं. ट्रॅक्टर पुतण्या चालवत होता, काकाजी धुऱ्यावर उभे होते, वळसा घालताना त्यांनी स्वतः पाहिला. इथवर ठीक. अंडी फुटताना? "ते नाई पायलं. सकाळी गेलो तं पिल्लं होते." सगळी होती? काकाजींनी डोळे मिटून आठवलं. "एक नाई दिसलं. ढेकळात असन, नाई तं कावळ्यानं नेलं असन. मले काय मालूम?"

फोनवर ते म्हणाले होते, "सारे पिल्लं निंगाले." मी लिहिलं होतं, सगळी पिल्लं सुखरूप. दोघांपैकी खोटं कुणीच बोललं नव्हतं. त्यांनी आनंदानं सांगितलं आणि मी आनंदानं लिहिलं. पण आता लेखातली ती एकच पुरी गोष्टही पुरी राहिली नव्हती.

वहिनींच्या माहेरी जाऊन परत येताना मी बसस्टँडवरूनच सरांना फोन लावला. आणखी एक रात्र ते पोटात ठेवणं मला जमलं नसतं. वहिनी थोड्या लांब जाऊन उभ्या राहिल्या. सरांनी मध्ये एकदाही तोडलं नाही, त्यानं तर मी जास्तच घाबरलो.

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"सर, ते वेगळं असतं हेच मला ठाऊक नव्हतं."

 मग सर म्हणाले, "सारांश छापून झालाय. त्यात 'वी ऑब्झर्व्ड' आहे. तो आता बदलत नाही. तू उभा राहशील तेव्हा तूच सांगायचं, छापलंय ते बरोबर नाही. आणि त्यावर जे विचारतील त्याला उत्तर तूच द्यायचं. जमेल?"

मी जमेल म्हणालो. फोन ठेवला आणि बाकड्यावर बसलो. वहिनींनी विचारलं, "रागावले?" मी म्हणालो, "कळलं नाही." रागावलेला माणूस मला समजतो. न रागावलेल्याची मला धास्ती वाटते.

उरलेल्या दिवसांत वांग्याच्या दोन ओळींच्या मधोमध माझी तालीम चालली. वहिनी एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. म्हणजे आवाज पोचायला हवा. भाऊ पाणी देता देता परीक्षक व्हायचे. "व्हॉट इज युवर टिटवी? व्हाय टिटवी? सांग लवकर, माहे वांगे आयकून राह्यले." मी हसायचो आणि वाक्य विसरायचो. वहिनी पुन्हा पहिल्यापासून घ्यायला लावायच्या. एकच गोष्ट त्यांनी पक्की करून घेतली: जे ठाऊक नाही तिथं 'आय डू नॉट नो' म्हणायचं, आणि म्हणून झाल्यावर गप्प राहायचं. "तुमी गप नाई राहत, भाऊजी. भ्याले का बोलत सुटता."

वाशीमच्या त्या कॉलेजच्या सभागृहात पंखे होते, माणसं होती, भिंतीवर प्रकाशाचा चौकोन होता. वहिनी रजा टाकून आल्या होत्या; तिसऱ्या रांगेत कडेला बसल्या. तासिकेवरच्या माणसाची रजा म्हणजे त्या दिवसाचं मानधन नाही, हे मला ठाऊक होतं, आणि त्यानं माझं धैर्य वाढायच्या ऐवजी कमीच झालं. सर पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून.

माझं नाव पुकारलं. पहिली तीन-चार वाक्यं कशी गेली मला आठवत नाही. पऱ्हाटी आणि चिंधीचा फोटो आला तेव्हा मागं कुणीतरी "अरे वा" म्हणालं, त्यावर माझा पाय जमिनीला लागला. मग धनजचं छायाचित्र आलं. मी थांबलो. छापलेल्या कागदावर बोट ठेवलं आणि पाठ केलेलं वाक्य इंग्रजीत म्हणालो: इथं 'आम्ही पाहिलं' असं छापलं आहे, ते बरोबर नाही. ट्रॅक्टर वळला ते आणि पिल्लं वावराच्या मालकांनी पाहिली, आणि आम्हाला सांगितलं. त्यांचं नाव इथं आहे. काकाजींचं पुरं नाव, वडिलांच्या नावासकट, भिंतीवर आलं. मी ते मोठ्यानं वाचलं. 

पुढच्या रांगेतल्या एक वयस्क मॅडम उभ्या राहिल्या. मराठीतच म्हणाल्या, बहुतेक माझा चेहरा पाहून. "ते घरटं बाजूला ठेवलं तर तुमच्याकडे काय उरतं?"

हाच प्रश्न मी धनजच्या एसटीत स्वतःला विचारला होता. "शेतकरी जागा सोडतात, हे उरतं," मी म्हणालो. "ते मी स्वतः पाहिलंय. त्यामुळे पिल्लं वाचतात, हे मला म्हणता येत नाही. एका ठिकाणी तसं दिसलं, तेही सगळी पिल्लं नाहीत. तेवढ्यावरून फक्त... सजेस्ट्स."

तो एक इंग्रजी शब्द मराठी वाक्याच्या शेवटी तसाच लटकला. काही माणसं हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि बसल्या.

मग एका तरुण माणसानं भरभर इंग्रजीत विचारलं. दुसऱ्या पक्ष्यांच्या घरट्यांशी तुलना केली का, असं काहीतरी असावं. मी तिसऱ्या रांगेकडं पाहिलं. वहिनी हलल्यासुद्धा नाहीत. "आय डू नॉट नो," मी म्हणालो. जीभ पुढचं काहीतरी बोलायला निघाली होती. दातांखाली धरली. गप्प राहिलो.  

बाहेर चहाच्या टपरीवर सर आले. मी कप खाली ठेवला. ते म्हणाले, "नाव राहील. पहिलंच." आणि जरा थांबून, "माझं 'पहिलीच नोंद' काढतोय. मी तरी कुठं पुरतं शोधलं होतं." एवढं बोलून ते दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला गेले. वहिनी शेजारी उभ्या होत्या. "ऐकलं?" मी विचारलं. "मी काई ऐकलं नाई," त्या म्हणाल्या, "तुमी सांगतलं तं लिवीन, पर्सनल कम्युनिकेशन." मला इतकं हसू आलं की चहा सांडला.

लेख आता नियतकालिकाकडे गेलाय. परत आलेला नाही. आला तर काय लिहून येईल या धास्तीनं मी रोज सरांचा मेसेज बघतो, आणि आईला अजून काही सांगितलेलं नाही. तो नाकारला गेला तरी जे कळलं ते कळलं. काकाजींना मात्र वाचून दाखवला. आपल्या नावावर त्यांनी बोट ठेवलं.

आभारात वहिनींचा उल्लेख मी केला. आधी लिहिलं होतं, त्यांच्याशिवाय हा लेख झालाच नसता. त्यांनी ते खोडलं आणि म्हणाल्या, "काय केलं म्या? भाषा पायली. तेवढंच लिवा." तेवढंच लिहिलं. वजनाला ते बरोबर आहे, पण मला पुरत नाही.

वहिनींच्या कपाटात त्यांचा स्वतःचा एक आराखडा पडून आहे. पीएचडीचा. भाजीपाला करणाऱ्या बायांच्या बोलीवर, पहाटेच्या बाजारात त्या एकमेकींशी कशा बोलतात त्यावर. एकदा जुड्या बांधताना सहज म्हणाल्या होत्या, "सकाळी तास, मंग वावर. बाजारात उभं राहून आयकाले कोन जाते?" मी तेव्हा काही बोललो नाही. आता बोलतो. पहाटे उठायची आणि गप्प उभं राहून बघायची मला लहानपणापासून सवय आहे. ज्या दिवशी त्या आराखडा कपाटातून काढतील, त्या दिवसापासून बाजारात मी जाईन. कोणत्या बाईनं काय म्हटलं, कुणाला म्हटलं, मी तेव्हा किती लांब उभा होतो, सगळं आणून देईन. मी या जिल्ह्यात असलो तर इथून, आणि गावी गेलेलो असलो तर गावाहून येऊन. ही परतफेड मी करणार आहे, वहिनी. इथं मी 'बहुतेक' लिहीत नाही.